मे महिन्यासाठी शाळा बांधू नका

नागपुरात शाळेचं काम हाती आलं की पहिला आठवतो तो मे. पारा ४५ च्या वर, गरम झळा, दुपारी ओस पडलेले रस्ते. आर्किटेक्ट म्हणून माझ्या पहिल्या शाळेचं डिझाइन मी याच धास्तीने केलं. खिडक्या लहान, कॉरिडॉरच्या बाजूची भिंत बंद, पश्चिमेला जाड भिंत, गच्चीवर ऊन परतवणारा पांढऱ्या टाइल-तुकड्यांचा चायना मोझॅक, प्रत्येक वर्गात कूलरची जागा. इमारत किती तापेल हे सॉफ्टवेअरवर तपासलं, त्या सिम्युलेशनचे आकडे छान आले, ऑफिसमध्ये कौतुकही झालं.

जुलैत मी वर्गात गेलो. ओले युनिफॉर्म, कोंदट हवा, मागच्या बाकांवर पेंगलेली पोरं. शिपाईकाका म्हणाले, "सर, इथं जीव गुदमरते जी. कूलर लावला का अजूनच चिकचिक होते."

तो दिवस मला अजून सलतो. कारण साधं होतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. मेमध्ये वर्गाला कुलूप असतं. मी रिकाम्या खोल्या थंड ठेवल्या होत्या. सॉफ्टवेअरने वर्षभराचे तास मोजले, त्यातल्या कितीतरी तासांना वर्गात एकही मूल नव्हतं. वर्ग कधी भरलेला असतो याचं वेळापत्रक मी सॉफ्टवेअरच्या तयार टेम्प्लेटमधलं तसंच ठेवलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, ऊन चढायच्या आत सुटते. उकाड्यात मुलं दिवसभर बसतात ती जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा हवा दमट असते. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा देतो. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, नुसता ओलावा वाढतो. तेव्हा अंगावरून वारा वाहायला हवा. म्हणजे समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, बसलेल्या मुलाच्या उंचीला येणारी सिल (खिडकीची खालची कड), कॉरिडॉरच्या भिंतीत दारावर झरोके. वर्गातली हवा खेळती आहे का हे कळायला कार्बन डायऑक्साइडचं साधं मीटर सोबत ठेवा. बाहेर सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) आसपास दिसतं, भरलेल्या बंद वर्गात हजार बघता बघता ओलांडतं.

कॉलेजचं गणित वेगळं. उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, वाचनालय भरलेलं. तिथे कूलर खरंच कामाचा. पण होस्टेलला पश्चिमेची जाड उघडी भिंत देऊ नका. दिवसभर शोषलेली उष्णता ती रात्री आत सोडते, आणि पोरगं नेमकं तिला लागून झोपलेलं असतं. बाहेरून सावली करा.

ग्रिहाचे, म्हणजे हरित इमारतींना दर्जा देणाऱ्या पद्धतीचे, पॉइंट मोजून डिझाइन सुरू करणं मला अजिबात पटत नाही. पॉइंट नंतर मोजता येतात. गुरूंचं म्हणाल तर, मोठ्या नावाच्या सरांपेक्षा पाच पावसाळे एकाच शाळेत काढलेला शिपाई जास्त शिकवतो.

घाबरू मात्र नका. अशी चूक बरीचशी दुरुस्त होते. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कॉरिडॉरच्या भिंतीत झरोके पाडले. पुढच्या जुलैत वर्ग बसण्यासारखे झाले. खर्च झाला, बोलणी बसली, पण मुलांना वारा मिळाला.

आणि वेळापत्रक मागायला लाजू नका. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते भिंतीवर लावलेलंच असतं. पहिल्याच भेटीत त्याचा फोटो काढून घ्या.