सोयाबीनचं घरचं बियाणं जूनपर्यंत जिवंत कसं ठेवावं: ओलावा, वाळवण, साठवण आणि उगवण चाचणी

ऑक्टोबरात खळ्यावर आलेलं सोयाबीन जूनमध्ये पुन्हा मातीत जायचं असतं. मधले आठ महिने ते पोत्यात पडून असतं, पण जिवंत असतं. दाणा श्वास घेतो, स्वतःतलंच अन्न थोडंथोडं खर्च करतो. ओलावा आणि ऊब जास्त असेल तर हा खर्च वाढतो आणि जून येईपर्यंत आतला कोंब मरून जातो. बाहेरून दाणा मात्र तसाच पिवळाधमक दिसतो. म्हणून बियाण्याच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये, मोजून आणि उगवून पाहावं.

२०२०च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारी गावोगावी झाल्या. आदल्या वर्षी ऐन काढणीत पाऊस झाला होता आणि बियाण्याचं पीक शेतातच भिजलं होतं. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ज्यांनी पेरणीआधी शंभर दाणे उगवून पाहिले होते, त्यांना धोका निदान आधी कळला.

सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे, म्हणजे त्याचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे जेएस ३३५, एमएयूएस १५८, फुले संगम यांसारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं प्रमाणित बियाणं एकदा घेतलं की पुढची दोन-तीन वर्षं आपल्याच शेतातलं बी वापरता येतं. संकरित मका किंवा संकरित ज्वारीचं तसं करता येत नाही.

१. बियाण्याचा तुकडा आधीच ठरवा

सगळं सोयाबीन एकत्र काढून नंतर त्यातून बियाणं बाजूला काढायचं, ही पद्धत सोडा. पीक फुलात असतानाच चांगला, पाणी न साचणारा तुकडा हेरून ठेवा. तिथली वेगळ्या रंगाच्या फुलांची, वेगळ्या उंचीची झाडं उपटून टाका. शेंगा ९० ते ९५ टक्के वाळल्या की हा तुकडा आधी कापा आणि वेगळा ठेवा.

कापलेलं पीक पावसात सापडलं किंवा गंजीत गरम झालं, तर ते बियाण्यासाठी धरू नका. तो माल बाजारात विकता येईल, पण त्याच्या उगवणीचा भरवसा नाही.

२. ओलावा ओळखा

बाजार समितीत आडत्याच्या हातात असतं ते ओलावा मापक यंत्र म्हणजे मॉइश्चर मीटर. ते गावात एखाद्या शेतकरी गटाकडे असेल तर उत्तम. एका जागचा मूठभर दाणा घेऊन मोजू नका. ढिगाच्या वरून, मधून, तळातून आणि कडेने दाणे घ्या, एकत्र कालवा आणि त्यातून नमुना काढा. उन्हातून नुकतंच उचललेलं गरम धान्य यंत्रात टाकलं तर आकडा चुकतो. आधी ते सावलीत थंड होऊ द्या.

यंत्र नसेल तर मिठाची चाचणी करा. काचेची कोरडी बाटली घ्या, तिसरा हिस्सा सोयाबीन भरा, दोन-तीन चमचे कोरडं बारीक मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटं खाली पडलं तर त्याखाली आहे. याहून बारीक हिशेब बाटली सांगत नाही, आणि आपल्याला तर १२च्या खाली जायचं आहे. तिथून पुढे दातांची चाचणी. माझी आई दाणा दाढेखाली धरून कान देऊन ऐकायची. ‘कट्’ आवाज होऊन दोन डाळी स्वच्छ फुटल्या तर वाळलं. दाणा दबला आणि त्यावर दाताचा वळ उठला तर अजून दोन दिवस ऊन हवं. ही सवय अजूनही कामाला येते, फक्त तिच्या जोडीला यंत्रही असावं.

वाळवताना वजन किती घटेल, हे आधीच काढता येतं. १८ टक्के ओलाव्याच्या १०० किलो मालात ८२ किलो कोरडा भाग असतो. १२ टक्क्यांवर आणल्यावर तोच ८२ किलो म्हणजे एकूण वजनाचे ८८ टक्के. ८२ भागिले ०.८८ केलं की ९३.२ किलो येतात. म्हणजे क्विंटलमागे जवळजवळ ६ किलो ८०० ग्रॅम निव्वळ पाणी जातं. विक्रीच्या मालात हा हिशेब आडत्याशी बोलताना उपयोगी पडतो. हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा होती, ती २०२४च्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली. पण ती सवलत खरेदीपुरती. बियाण्याला १२ म्हणजे १२च.

३. मळणी: इथेच सगळ्यात जास्त बियाणं मरतं

सोयाबीनचा एक दाणा हातात घ्या. काळसर किंवा तपकिरी डोळा दिसतो, त्याच्या अगदी लगत सालीखाली एक छोटी उभार रेघ असते. तोच कोंब आणि तेच मूळ. वर साल कागदासारखी पातळ. कोंबाला दुसरा आडोसा नाही. यंत्राचा जोराचा फटका बसला की साल फुटते किंवा आतला कोंब दुखावतो, आणि दाणा बाहेरून साबूत दिसत राहतो.

म्हणून बियाण्याची मळणी १३ ते १४ टक्के ओलाव्यावर करा. फार ओलं असेल तर दाणा चेंगरतो, फार वाळलं असेल तर तडकतो. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४००च्या पुढे जाऊ देऊ नका. यंत्रवाल्याला घाई असते, कारण पुढचं शेत वाट पाहत असतं. बियाण्याची दोन पोती तरी सावकाश काढून दे, असं त्याला आधीच सांगून ठेवा.

पहिलं पोतं निघालं की तिथेच तपासा. १०० अखंड दिसणारे दाणे पाण्यात टाका आणि दहा मिनिटांनी बघा. सालीला तडा गेलेले दाणे लगेच फुगतात. असे दहापेक्षा जास्त निघाले तर यंत्र थांबवून वेग कमी करून घ्या. भिजवलेले दाणे बियाण्यात परत टाकू नका.

४. वाळवण

ताडपत्रीवर दीड-दोन इंचांचा थर पसरा. सिमेंटचा कोबा किंवा डांबरी रस्ता बियाण्याला नको, तो दुपारी फार तापतो. बियाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यासाठी सकाळचं कोवळं ऊन द्या, भर दुपारी सावलीत घ्या. तासाभराने हलक्या हाताने किंवा लाकडी फावड्याने परतवा. त्यावरून चालू नका. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाका, नाहीतर दिवसभरात गेलेला ओलावा रात्रीत परत येतो.

सलग दोन दिवस ओलावा १० ते १२ टक्क्यांदरम्यान दिसला की वाळवण झाली. मग सुपाने पाखडून आणि चाळणीने चाळून फुटके, सुरकुतलेले, डागाळलेले दाणे आणि माती काढा. पोत्यात भरण्याआधी एक रात्र सावलीत थंड होऊ द्या. गरम दाणा भरला की पोत्यात वाफ धरते आणि मधोमध बुरशीचा गोळा तयार होतो.

५. पोतं, थप्पी आणि जागा

इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. धान्य हवाबंद ठेवलं की टिकतं, हे खरं आहे. पण बियाणं हवाबंद ठेवायचं तर सोयाबीनचा ओलावा ७ टक्क्यांवर आणावा लागतो आणि नुसत्या उन्हाने ते साधत नाही. १२ टक्क्यांचं बियाणं प्लास्टिकच्या ड्रममध्ये कोंबलं तर ते आतल्या आत घामेजतं. म्हणून आपल्यासाठी स्वच्छ गोणपाटाचं किंवा कापडी पोतंच बरं.

पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर. थप्पी सात फुटांपेक्षा उंच नेऊ नका, खालच्या पोत्यातले दाणे दाबाने फुटतात. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये भट्टी होते. शक्यतो माळवदाच्या किंवा स्लॅबच्या, वारा खेळणाऱ्या खोलीत ठेवा. खताची, औषधाची पोती त्याच खोलीत नकोत.

आणि पोतं आपटू नका. एका वर्षी आमच्या घरी बियाण्याची पोती ट्रॉलीवरून सरळ फरशीवर टाकली गेली. सांगणारं कुणी तिथे नव्हतं. मे महिन्यात चाचणी केली तेव्हा शंभरातले ५४ उगवले. त्याच शेतातलं, हाताने उतरवलेलं एक पोतं होतं, त्यातले ७६ उगवले. तेव्हापासून आमच्याकडे बियाण्याचं पोतं दोघं धरून उतरवतात.

बियाणं किती दिवस टिकेल, याबद्दल शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. ओलावा एका टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचं तापमान पाचेक अंशांनी उतरवलं, की आयुष्य साधारण दुप्पट होतं. थंड गोदाम आपल्याकडे नसतं, पण ओलाव्याचा तो एक टक्का आपल्या हातात असतो.

खायच्या धान्याचं थोडक्यात

खायच्या ज्वारी-गव्हातला कोंब जगला काय, मेला काय, चिंता कीड आणि बुरशीची. त्यामुळे त्याला मे महिन्याचं कडक ऊन खुशाल द्या. गहू, ज्वारी, बाजरी १२ टक्क्यांपर्यंत आणि हरभरा, तूर, मूग, उडीद ९ टक्क्यांपर्यंत वाळवा. कोठी आधी रिकामी करून झाडा, उन्हात तापवा. फटीतल्या जुन्या पिठातच पोरकिडे दबा धरून असतात. नव्या धान्यात जुनं मिसळू नका. कोठी काठोकाठ भरा, वर वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा, झाकण घट्ट लावा.

कडधान्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी. हा भुंगा बहुतेकदा शेतातूनच शेंगांबरोबर घरी येतो. किलोला ५ मिली खाद्यतेल चोळलं की दाण्यावर अंडी टिकत नाहीत. कमी कडधान्य असेल तर हा उपाय फार सोपा आहे. राख किंवा वरून वाळूचा थर, हे जुने उपायही खरे आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी राख, मातीची मडकी अशा साधनांवर गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पूर्वी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या धान्याच्या कोठारात ठेवत. बंद पेवातला प्राणवायू धान्य आणि किडे मिळून संपवतात, मग किडे मरतात. त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणं जिवावर बेतायचं. ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग त्या पेवांचाच.

अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका, त्यातून निघणारा वायू माणूस मारतो. ते काम प्रशिक्षित माणसाचं. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर यांनाही खायच्या धान्यात जागा नाही.

६. उगवण चाचणी: मे महिन्यात, न चुकता

गोणपाट धुऊन, पिळून ओलं करा. प्रत्येक पोत्यातून दाणे काढून कालवा आणि निवड न करता १०० मोजा. चांगले चांगले वेचाल तर स्वतःलाच फसवाल. दहा-दहाच्या दहा ओळी, दोन दाण्यांत दोन सेंटिमीटर अंतर. वर दुसरं ओलं गोणपाट घालून हलक्या हाताने गुंडाळी करा, दोन्ही टोकं सैल बांधा, सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळतं ठेवू नका. अशा तीन गुंडाळ्या करा आणि सरासरी घ्या.

सातव्या दिवशी उलगडा. कुबट वास आला तर बुरशी आहे. सरळ पांढरं मूळ, ताठ देठ आणि अखंड डाळी असलेली रोपंच मोजा. मूळ तुटकं, डाळ अर्धी गळालेली, नुसता फुगलेला दाणा, हे सगळे बाद. शेजारी बसलेला माणूस ‘तेही धरा की’ म्हणेल. धरू नका.

सरासरी ७० किंवा जास्त आली तर एकरी ३० किलो बियाणं पुरे. कमी आली तर ३०ला ७०ने गुणा आणि आलेल्या आकड्याने भागा. ६० टक्के असेल तर ३५ किलो लागेल. त्याच्याही खाली गेलं तर माझं मत सरळ आहे: ते बियाणं विकून टाका आणि दुसऱ्याची सोय मे महिन्यातच करा, कारण जूनमध्ये भाव आणि गर्दी दोन्ही वाढतात. शंका असेल तर पुणे, नागपूर किंवा परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देता येतो.

पेरणीच्या दिवशी आधी बुरशीनाशक, मग जिवाणू संवर्धक (पिकाला उपयोगी जिवाणूंचं खत) लावा. बी जोराने चोळू नका, साल सुटते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाली, की ३ ते ४ सेंटिमीटर खोल पेरा. बुरशीनाशक लावलेलं उरलं तर ते खाण्यात, जनावरांपुढे किंवा बाजारात जाता कामा नये. म्हणून लागेल तेवढ्याच बियाण्याला औषध लावा, बाकीचं पोत्यात तसंच राहू द्या.