‘बस नेहमीच उशिरा येते’: खरं की खोटं, वहीत तपासून बघा

ही तक्रार तपासायला वही, पेन आणि घड्याळ पुरतं. आधी प्रश्न मोजता येईल असा करून घ्या. ‘उशीर’ म्हणजे वेळापत्रकाच्या पुढे 3 मिनिटांहून जास्त, असं काहीतरी ठरवा आणि किती नोंदी घेणार त्या आकड्यासकट वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका. आकडे हातात आल्यावर व्याख्या बदलली की हवं ते उत्तर निघतं, आणि हे आपण नकळत करतो.

रकाने चार: तारीख, बसची ठरलेली वेळ, आल्याची वेळ, शेरा. नोंद बस दिसताक्षणीच करा. रात्री आठवून लिहायला बसलं की उशिराचे दिवस तेवढे आठवतात, वेळेवर आलेली बस कुणाच्या लक्षात राहत नाही.

हमखास चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. बस वेळेपासून 20 मिनिटं उलटली तरी आली नाही आणि तुम्ही दुसऱ्या वाहनाने गेलात, तर ती ओळ कोरी ठेवू नका, ‘20+’ लिहा. असे दिवस गाळले तर नेमके सगळ्यात वाईट दिवस हिशेबातून निसटतात.

सरासरीवर एकट्या विसंबू नका. समजा सात दिवसांचा उशीर मिनिटांत 2, 3, 3, 4, 4, 5, 28 आहे. सरासरी येते 7, पण सातपैकी सहा दिवस उशीर त्याहून कमीच होता. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला की मध्यक 4 मिळतो. ‘20+’ सारख्या नोंदी निम्म्याहून कमी असतील तर मध्यक काढायला त्यांची अडचणही होत नाही.

आता टक्केवारी. 25 पैकी 10 दिवस उशीर, म्हणजे 40 टक्के. पण 1 भागिले नोंदींचं वर्गमूळ, ही ढोबळ चूक-मर्यादा. इथे ती 20 टक्के येते, म्हणजे खरं प्रमाण 20 ते 60 मध्ये कुठेही असू शकतं. ‘नेहमीच’ हा शब्द यात टिकत नाही, एवढं नक्की. मर्यादा निम्मी करायची तर नोंदी चौपट, म्हणजे 100 लागतात. आणि सगळ्या नोंदी सकाळच्या असतील तर उत्तरही सकाळपुरतंच.

वार, पाऊस, चालक असे वीस धागे तपासत बसलात तर सावध राहा. प्रत्येक तपासणीत खोट्या इशाऱ्याची, म्हणजे संबंध नसताना तो दिसण्याची, शक्यता 5 टक्के धरली आणि तपासण्या एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर खरा संबंध कुठेच नसतानाही निदान एक इशारा मिळण्याची शक्यता 64 टक्के होते. ‘गुरुवारीच उशीर होतो’ असं दिसलं तर पुढचे, नवे गुरुवार मोजा.

वेळापत्रक नसेल आणि ‘सरासरी दर 10 मिनिटांनी बस’ एवढंच सांगितलं असेल, तर सरासरी 5 मिनिटंच थांबावं लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात बसमधली अंतरं आलटून पालटून 5 आणि 15 मिनिटं असतील तर सरासरी 10 च राहते. पण कधीही थांब्यावर गेलात तरी तुम्ही लांब अंतरात सापडण्याची शक्यता 20 पैकी 15, कारण लांब अंतर वेळेची जास्त जागा अडवतं. म्हणून दोन बसमधली अंतरं लिहा, त्यांच्या वर्गांच्या बेरजेला अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा: (25 + 225) ÷ 40 = 6.25 मिनिटं, ही थांबण्याची खरी सरासरी. प्रवाशाची तक्रार आणि जाहीर केलेला आकडा, दोन्ही इथे एकाच वेळी खरे असतात.