ईमेल पाठवण्याची वेळ एआयवर सोपवताना या चुका टाळा

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका मिठाईच्या दुकानाचे ईमेल पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. संत्रा बर्फीची मागणी दुकानात येणाऱ्यांइतकीच पुण्या-मुंबईत आणि परदेशात स्थायिक झालेल्या नागपूरकरांकडूनही असते, म्हणून प्रत्येकाला त्याच्या सवयीच्या वेळी ईमेल पोहोचवणारी एआयची सोय आम्ही दिवाळीआधी सुरू केली. काही आठवड्यांतच डॅशबोर्ड सांगू लागला की ग्राहकांचा एक मोठा गट पहाटे तीनच्या सुमारास आमचे ईमेल वाचतो. मालकांनी तो आलेख पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, पहाटे तीनला तर आपली भट्टीही पेटत नाही. ही माणसं बर्फीची जाहिरात कशी वाचतात?" त्यांची शंका रास्त होती. वाचणारी माणसे नव्हतीच.

ओपन म्हणजे वाचन, असे धरणे

ईमेल उघडला गेल्याची नोंद त्यात दडवलेल्या एका अतिसूक्ष्म चित्रावरून होते. ते चित्र सर्व्हरवरून उतरवले गेले की ओपन मोजला जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, ती सुरू असेल तर ही चित्रे अ‍ॅपलचे सर्व्हर आधीच उतरवून ठेवतात, मग ग्राहक तो ईमेल उघडो वा न उघडो. हे उतरवणे केव्हा होईल याचा ग्राहकाच्या वाचनाशी काही संबंध नसतो. एआयचे मॉडेल मात्र तीच वेळ त्याची सवय म्हणून शिकते आणि पुढचा ईमेल त्याच अवेळी पाठवते. आमच्या पहाटेच्या गटात बहुतेक सगळे आयफोनवालेच निघाले.

यावर उपाय असा की अ‍ॅपलकडून आलेले ओपन वेगळे काढावेत (बऱ्याच साधनांत तशी निवड असते) आणि मॉडेलला क्लिक, संकेतस्थळाला दिलेली भेट आणि प्रत्यक्ष ऑर्डर यांच्या वेळा शिकवाव्यात. तरीही क्लिकवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि मिहानमधल्या कंपन्या दिवाळीला भेटीचे डबे मागवतात. त्यांच्या पत्त्यांवर ईमेल पोहोचला की काही सेकंदांत त्यातल्या सगळ्या लिंकवर क्लिक झालेले दिसत, अगदी यादीतून नाव काढण्याच्या लिंकवरसुद्धा. हे काम कार्यालयाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे असते, कारण ते लिंक धोकादायक आहे का हे आधी तपासते. एकाच क्षणी सर्व लिंकवर पडलेले क्लिक शिकवणीतून वगळावेत.

मॉडेलला एकच वेळ दाखवणे

ही चूक सहज लक्षात येत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. आम्ही वर्षानुवर्षे सकाळी ११ वाजता ईमेल पाठवत होतो, त्यामुळे प्रतिसादही ११ ते १२ च्या दरम्यानच येत असे. त्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलने जवळपास सर्वांसाठी ११ हीच उत्तम वेळ ठरवली. रात्री नऊला निवांत बसून ऑर्डर देणारा ग्राहक त्याला दिसणार तरी कसा? रात्री नऊला आम्ही त्याला कधी ईमेल पाठवलाच नव्हता. आता यादीतला एक छोटा हिस्सा चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडून त्याला वेगवेगळ्या वेळी ईमेल पाठवतो आणि हा प्रयोग कायम चालू ठेवतो.

तो कायम ठेवण्यामागे आपला उन्हाळाही आहे. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की नागपूरचा दिवसच बदलतो. बाजाराची कामे सकाळी उरकतात, दुपारी रस्ते ओस पडतात आणि वर्दळ पुन्हा सूर्य मावळल्यावर सुरू होते. सेल्सफोर्स या कंपनीच्या आइन्स्टाइनसारखे एआय साधन गेल्या ९० दिवसांचे वर्तन पाहते. म्हणजे मेच्या सुरुवातीचा निर्णय फेब्रुवारीच्या गार सकाळींवरही बेतलेला असतो. ऋतू पालटताना जुन्या नोंदींना कमी वजन देता येत असेल तर अवश्य द्यावे.

नव्या ग्राहकाबाबतही घाई नको. दोन क्लिकवरून सवय कळत नाही. पुरेशा नोंदी जमेपर्यंत त्याला त्याच्यासारख्या ग्राहकांची सरासरी वेळ लावावी.

मुदतीचा मजकूर आणि दिवसभराची सवड

ही साधने बहुधा २४ तासांत पसरवून ईमेल पाठवतात. आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या पेट्यांसाठी आम्ही एकदा "आज रात्री ९ पर्यंत नोंदवा" असे लिहिले आणि काही जणांना तो ईमेल रात्री साडेदहाला मिळाला. एका आजींनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारले, "बेटा, मला उशीर झाला की तुला?" उशीर माझ्याकडूनच झाला होता. तेव्हापासून मुदतीच्या मजकुरात "आज" न लिहिता तारीख लिहितो आणि पाठवण्याची सवड चार तासांवर आणतो. ऑर्डरची पावती, ओटीपी आणि कुरिअरची सूचना या सोयीत मुळीच घालू नये. ते ईमेल त्याच क्षणी जायला हवेत.

वेळेचा हिशेबही एकदा हाताने पडताळावा. सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ वापरतात. नागपुरातले सकाळचे १० म्हणजे तिथले ४:३०, आणि केवळ पूर्ण तास साठवणाऱ्या तक्त्यात हा अर्धा तास हरवतो. अमेरिकेतल्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते, म्हणून तिथल्या ग्राहकांची वेळ भारतीय वेळेत कायमची बांधून ठेवू नये.

प्रतिसाद एकाएकी घसरला तर

आधी वेळेला दोष देऊ नये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या (ईमेल खरोखर आपल्याच नावाने आल्याची खात्री पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी, एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय आणि स्पॅमच्या तक्रारींचे ०.३ टक्क्यांहून कमी प्रमाण बंधनकारक आहे. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये हे सारे तपासता येते. स्पॅममध्ये पडलेला ईमेल कितीही नेमक्या वेळी पोहोचला तरी तो कोणाच्या नजरेस पडत नाही.

हे ठीक असेल तर तुलनेची पद्धत तपासावी. दिवाळीच्या आठवड्याची तुलना त्याआधीच्या आठवड्याशी केली तर यश सणाचे असते आणि श्रेय एआयला जाते. त्याच दिवशी, तोच मजकूर, यादृच्छिकपणे निवडलेल्या दुसऱ्या गटाला ठरलेल्या एकाच वेळी पाठवावा आणि दोन्ही गटांच्या ऑर्डरी मोजाव्यात. आमच्या दुकानात फरक दिसला तो रात्री खरेदी करणाऱ्या ग्राहकांमध्ये. सकाळी ११ च्या सुमारास प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये जवळजवळ काहीच बदलले नाही, म्हणून त्यांच्यासाठी आम्ही ती सोय बंद ठेवली आहे.