प्रिंटर एकच, नोंदी दोन

प्रिंटर माझ्या विंडोजच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला आणि नेटवर्कवर शेअर केलेला. परवा टेबल पुसताना केबल काढली आणि घाईत शेजारच्या पोर्टात खोचली. झालं! बाकीच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघेना. माझ्याकडून मात्र व्यवस्थित, कारण यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लावलेला दुसरा प्रिंटर उगवला होता. जुना फिकट, ऑफलाइन. आणि शेअर होता तो नेमका जुनाच.

राउटर बंद-चालू केला, ड्रायव्हर पुन्हा टाकला. फुकटची मेहनत.

गोम वेगळीच होती. यूएसबी उपकरण जोडलं की ते आपला व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट आयडी (मॉडेलचा क्रमांक) सांगतं, प्रत्येकी ४ हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ) अंकी. त्यावरून ड्रायव्हर सापडतो. पण ‘हा कालचाच नग’ हे कळायला सीरियल नंबर लागतो, आणि तो माझा प्रिंटर देतच नाही. (डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’च्या शेवटच्या तुकड्यात दुसरंच अक्षर ‘&’ दिसलं; ही त्याचीच खूण.) मग विंडोज पोर्टाच्या जागेवरून ओळख बनवतं. जागा बदलली की पाहुणा नवा!

उपाय अर्ध्या मिनिटाचा. जुन्याच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवर यूएसबी००१ (जुन्या नोंदीचं पोर्ट) ची खूण काढून यूएसबी००२ (नव्या नोंदीचं) वर केली आणि ‘अप्लाय’ दाबलं. अडकलेली पानं धडाधड बाहेर पडली. शेअरचं नाव तेच राहिल्याने लॅपटॉपना हातही लावावा लागला नाही. ‘कॉपी १’ उडवून टाकला आणि केबलीच्या पोर्टाशेजारी स्टिकर चिकटवला.