नाताळानंतरचा जानेवारी: मंडळीतली तरुण मुलं टिकवायची कशी

डिसेंबरात चर्च तरुणांनी भरलेलं असतं. गव्हाणीचा देखावा उभा करायला, शिडीवर चढून स्टार लावायला, रात्री घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरायला वीसेक मुलंमुली न बोलावता येतात. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मागच्या बाकावर तिघं उरतात. मग कमिटीत चर्चा होते, ‘आजकालच्या मुलांना देवाचं काही नाही.’ डिसेंबरात त्यांच्याकडे काम होतं आणि आज कोण आलं, कोण नाही याची विचारपूस होती. जानेवारीत या दोन्ही गोष्टी बंद पडल्या. सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांत (म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समुदायात) वर्षभर हे कसं चालू ठेवता येतं, ते पुढे दिलं आहे.

सुरुवात यादीपासून

आधी वही घ्या. बाप्तिस्म्याचं आणि दृढीकरणाचं (मोठं झाल्यावर स्वतःचा विश्वास जाहीर करण्याच्या विधीचं) रजिस्टर काढून 14 ते 25 वयाच्या प्रत्येकाचं नाव उतरवा. दोन-तीन जुनी माणसं सोबत बसली तर एका संध्याकाळी यादी होते. आज चर्चला येणाऱ्यांचीच यादी करू नका, ती चूक हमखास होते. पुण्यात नोकरीला गेलेला, हॉस्टेलवर राहणारी, ‘घरातले येतात पण तो येत नाही’ असा, सगळे त्यात हवेत. मिरज-सांगलीत उलटीकडूनही बघावं लागतं. नर्सिंगला किंवा इतर शिक्षणाला बाहेरगावाहून आलेली ख्रिस्ती मुलंमुली तुमच्या चर्चपासून दहा मिनिटांवर राहत असतात आणि त्यांचं नाव तुमच्या कोणत्याच रजिस्टरात नसतं.

प्रत्येक नावापुढे चार रकाने ठेवा: सध्या कुठे राहतो, मंडळीत कोणतं काम त्याच्याकडे आहे, घराबाहेरचं कोणतं मोठं माणूस त्याला नावानं ओळखतं आणि शेवटचं बोलणं कधी झालं. दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा असलेली मुलं आधी गळतात. आई-वडील आणि पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) तिसऱ्या रकान्यात धरायचे नाहीत. त्यांचं विचारणं मुलाला कर्तव्य वाटतं. चर्चबाहेर चप्पल घालताना ‘सीईटीचं काय झालं रे?’ असं विचारणारे शेजारच्या बाकावरचे काका किंवा मावशी तिथे लागतात.

साप्ताहिक बैठक

वार आणि वेळ मुलांना विचारून ठरवा. रविवारी उपासनेनंतर लगेच बैठक ठेवली की पोटात भूक आणि घरी पाहुणे असतात. त्यामुळे ती लांबत जाऊन बंद पडते. शहरात शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात बहुतेकांना जमतं. क्लास सातला सुटत असेल तर साडेसात ते नऊ ठेवा, पण मग मुलींना घरी पोचवायची जबाबदारी नावानिशी ठरलेली हवी. ऊसपट्ट्यातल्या गावांत गळीत हंगाम सुरू झाला की घरची तरुण पोरं फडावर आणि वाहनांवर असतात. त्या महिन्यांत आठवड्याची बैठक पंधरवड्यावर आणा, बंद मात्र करू नका. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीच्या मुलांना बैठकीची सक्ती नको. त्याऐवजी पेपरच्या आदल्या रात्री दोन मिनिटांचा फोन आणि फोनवरच छोटी प्रार्थना. ती मुलं लक्षात ठेवतात.

दीड तासाची वाटणी साधारण अशी: पंधरा मिनिटं चहा आणि गप्पा, पंधरा मिनिटं गाणी, चाळीस मिनिटं शास्त्र, उरलेल्या वीस मिनिटांत पुढच्या आठवड्याची कामं आणि प्रार्थना. चहा आधीच द्या, शेवटी नाही. उशिरा येणारा चहाच्या वेळेत खपून जातो, त्याला मान खाली घालून आत यावं लागत नाही. गटात आठ ते बारा जण ठीक. पंधराच्या वर गेले की चार जण बोलतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. तेव्हा दोन गट करा, शक्यतो कॉलेजचा वेगळा आणि शाळेचा वेगळा.

शास्त्राभ्यास: चाळीस मिनिटांत एकच उतारा

नव्या गटाला बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं, आणि त्यात घडामोडी भराभर होतात. एका वेळी दहा-पंधरा वचनं पुरेत.

दुसऱ्या अध्यायाची पहिली बारा वचनं घ्या, पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडतात तो प्रसंग. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी बायबल वाचताना अडखळायला होतं आणि चारचौघांत अडखळलं की पुढच्या शनिवारी ते येत नाहीत. म्हणून आधी एकाच चांगल्या वाचणाऱ्याकडून सगळा उतारा मोठ्यानं वाचून घ्या. मग ज्यांची इच्छा असेल त्यांनी दोन-दोन वचनं वाचायची, ‘मी नको’ म्हणण्याची सगळ्यांना मुभा.

आता छपराकडे या. गर्दीमुळे दार अडलं, तेव्हा त्यांनी छप्पर उकरलं, असं मार्क सांगतो. सिमेंटच्या स्लॅबखाली वाढलेल्या मुलाला हे पटत नाही. माण, जत, आटपाडीकडची माळवदं पाहिलेला कुणी गटात असेल तर त्याला सांगू द्या: लाकडी तुळया, त्यांवर काटक्या-फळ्यांचा थर आणि वर चोपलेली पांढरी माती. पॅलेस्टाइनमधली छपरं याच जातीची होती. असं छप्पर उकरता येतं, पण खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडणारच. ही माती पडताना दिसली की गोष्ट मुलांच्या समोर घडायला लागते.

यानंतर तीनच प्रश्न. पाचव्या वचनात येशूने कुणाचा विश्वास पाहिला? (‘त्यांचा’ म्हटलं आहे, नुसता ‘त्याचा’ नाही. हे मुलांनाच शोधू द्या.) घरमालकाच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? आणि आपल्या यादीतलं कोण सध्या स्वतःच्या पायांनी इथे येऊ शकत नाही? तिसऱ्या प्रश्नावर नावं निघतात, आणि त्या आठवड्याचं काम तिथेच ठरतं.

एखादा हुशार मुलगा लूकच्या शुभवर्तमानाकडे बोट दाखवील: तिथे पाचव्या अध्यायात कौलं काढल्याचं आहे, मग खरं कोणतं? ‘अशा शंका घ्यायच्या नाहीत’ हे उत्तर देऊ नका. एक लेखक मातीच्या छपराच्या मुलखाला धरून सांगतो, दुसरा आपल्या वाचकांना ओळखीच्या छपराच्या भाषेत सांगतो, असं बरेच अभ्यासक म्हणतात. नसेल माहीत तर ‘पुढच्या शनिवारी बघून सांगतो’ म्हणा आणि खरंच बघून सांगा. न सांगितलेलं उत्तर मुलं पाच वर्षं विसरत नाहीत.

कॉलेजातले प्रश्न

उत्क्रांती, दुःख, इतर धर्म हे प्रश्न असतातच, पण आपल्याकडे दोन प्रश्न जास्त बोचतात. पहिला, ‘तुमचा धर्म परदेशी.’ इथे वादविवाद शिकवण्यापेक्षा गावाचा इतिहास दाखवा. मिरजेचं वानलेस रुग्णालय 1890च्या दशकात अमेरिकन मिशनच्या डॉ. वानलेस यांनी सुरू केलं हे खरं, पण नारायण वामन टिळक हे कोकणातले मराठी कवी होते. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठीही. परदेशीपणाचा प्रश्न त्यांना शंभर वर्षांपूर्वीच पडला होता. एका रविवारी दुपारी मुलांनी स्वतः माहिती काढून आपल्या चर्चची इमारत, कोनशिला आणि जुनी थडगी फिरून बघावीत.

दुसरा प्रश्न जातीचा आणि दाखल्याचा. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. प्रवेशाच्या फॉर्मपाशी मुलाला हे पहिल्यांदा कळतं आणि घरात त्यावर कुजबुज चालते. मंडळीत यावर उघड बोला, जाणत्या वकिलाला बोलवा. आणि लग्नं जमवताना आपल्याच मंडळीत जात विचारली जात असेल, तर मुलांना ते ठाऊक असतं. त्यावर गप्प राहून समतेचा संदेश दिला की ती मागच्या बाकावरून बाहेर जातात.

काम द्या, पण अर्धवट नको

खुर्च्या मांडणं आणि केक वाटणं म्हणजे जबाबदारी नव्हे. काम पायरीपायरीनं वाढवा: साउंड आणि प्रोजेक्टर, शास्त्रवाचन, संडे स्कूलमध्ये मदतनीस, तरुण संघाचा (म्हणजे या गटाचा) हिशेब, मग कमिटीत मतासह जागा. प्रत्येक काम दोघांना मिळून द्या आणि मुदत घाला, सहा महिने किंवा एक वर्ष. बिनमुदतीचं काम तीनच मुलांच्या गळ्यात पडतं आणि ती थकून गेली की संघ बसतो.

वाचनाचं उदाहरण घ्या. उतारा बुधवारीच द्या. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये, पुलपिटवर (उपदेशाच्या व्यासपीठावर), चालू माईकसमोर एकदा वाचून घ्या. तोंड माईकपासून वीतभर लांब. नबुखद्नेस्सरसारखी नावं फोडून पेन्सिलीनं लिहून ठेवा. रविवारी चूक झालीच तर उपासनेनंतर लगेच कुणी सुधारायला जाऊ नये. ‘आवाज शेवटपर्यंत आला’ एवढं सांगावं, चूक पुढच्या शनिवारी. सगळ्यांदेखत एकदा टोकलेली मुलगी परत पुलपिटवर चढत नाही.

पैशाचंही तसंच. वर्षाला तीन-चार हजार रुपये का होईना, संघाच्या हातात द्या. वहीत जमा-खर्च, प्रत्येक खर्चाला पावती, दोन सह्या, दर तिमाहीला कमिटीपुढे वाचन. पाचशे रुपयांच्या रंगीत कागदासाठी खजिनदारांच्या घरी चार खेपा घालायला लावल्या तर मुलं समजायचं ते समजतात.

गाण्यावरून गिटार विरुद्ध पेटी हे भांडण ठरलेलं. उपासनेत चार गाणी असतील तर दोन जुनी गीतं, एक अभंग किंवा भजन, एक नवं, असं लिहूनच ठेवा, दर रविवारी वाद नको. आवाज फुटण्याच्या वयातले मुलगे गात नाहीत, त्याचं कारण बऱ्याचदा अश्रद्धा नसून पट्टी असते. दोन-तीन पट्ट्या खाली आणून बघा. पडद्यावरचे शब्द युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की ऐन उपासनेत भलतीच अक्षरं दिसतात. एका पडद्यावर चारच ओळी, अक्षराचा आकार 40 पॉइंटच्या खाली नको.

शिबिर

पाचगणी जवळ, हवा चांगली, म्हणून सगळे तिकडे धावतात. मे महिन्यात भाव चढलेले असतात, तेव्हा परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा दिवाळीच्या सुटीत जा. दोन मुक्काम पुरेत. वाईहून पसरणी घाट चढताना मुलं ओकतात. निघताना पोटभर मिसळ नको, त्रास होणाऱ्यांना पुढच्या सीटा, पिशव्या हाताशी. चाळीस जणांना एका वेळी पोहे तीन किलो, भाताला तांदूळ चार किलो, तूरडाळ दोन किलो लागते. चहाला दोन लिटर दूध आणि तेवढंच पाणी. व्याख्यानं दिवसाला दोनच ठेवा, एक तासाच्या आत. शिबिराचा खरा उपयोग भांडी घासताना आणि टेबललँडच्या पठारावर चालताना होतो.

सुरक्षितता

आठ मुलांमागे एक मोठं माणूस, मुलींसोबत स्त्री पुढारी मुक्कामालाही, पालकांची लेखी संमती. 18च्या आतल्या मुलाशी बंद खोलीत एकट्यानं समुपदेशन नाही, पाळकांनीही नाही. दार उघडं ठेवा किंवा दुसरं माणूस नजरेच्या टप्प्यात ठेवा. रात्री खासगी मेसेज नाहीत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली तर 2012च्या पॉक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या) कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीची बदनामी नको’ म्हणून आपसात मिटवणं हा गुन्हा ठरतो. संकटातल्या मुलांसाठी असलेल्या चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर सूचनाफलकावर लावा.

गाव सोडून जाणारे

सर्वात जास्त गळती इथे होते. पुण्याला जाणाऱ्याला निरोपाची प्रार्थना करून बायबल भेट देणं पुरत नाही. जाण्याआधी पंधरा दिवस तो राहणार त्या भागातली मराठी मंडळी शोधा आणि तिथल्या पाळकांना स्वतः फोन करा. उपासनेची वेळ, बसचा मार्ग आणि तिथल्या एका तरुणाचा नंबर, त्याला विचारून, मुलाच्या हातात द्या. पहिल्या रविवारी कुणीतरी त्याला खोलीवरून घेऊन जायला हवं. पहिले पाच-सहा रविवार असेच बुडाले की झोपायची सवय लागते, मग नवं चर्च शोधायला कुणी निघत नाही. सभासदत्व बदलीचं पत्र मागायची वाट बघू नका, सहा महिन्यांनी आपणच विचारा.

तीन फोन वहीत आधीच लिहून ठेवा: पहिल्या शनिवारी, दीड महिन्यानं आणि पहिल्या परीक्षेनंतर. ‘चर्चला जातोस का?’ या प्रश्नानं सुरुवात केली तर तो खोटं बोलेल. मेसच्या जेवणाचं विचारा. आणि नाताळाला तो घरी आला की देखाव्याच्या कामाला लावण्याआधी एक संध्याकाळ गटापुढे बसवून बारावीच्या पोरांना त्याला विचारू द्या, तिकडे रविवारी सकाळी उठायला कसं जमतं, आणि जमत नसेल तर का.