निवृत्तांनी आरोग्य विमा नूतनीकरणापूर्वी कसा तपासावा

नूतनीकरणाची सूचना आली की केवळ हप्त्याचा आकडा पाहून धनादेश लिहू नये. मुदत संपण्यापूर्वी दोन महिने मूळ पॉलिसी काढून तिच्या अटी वाचाव्यात. सांगली परिसरातील निवृत्तांना मोठ्या उपचारांसाठी बहुधा मिरज गाठावे लागते, म्हणून तेथील आपले नेहमीचे रुग्णालय कंपनीच्या कॅशलेस (बिल थेट कंपनी भरते अशा रुग्णालयांच्या) यादीत आजही आहे का, हे रुग्णालयाच्या विमा कक्षातच विचारावे, कारण छापील यादी जुनी असू शकते.

सर्वाधिक फसगत खोलीभाड्याच्या मर्यादेत होते. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास अनेक पॉलिसींमध्ये केवळ भाड्यातील फरकच नव्हे, तर डॉक्टरांचे शुल्क व शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. माझ्या मते थोडा जास्त हप्ता भरून ही अट टाळणे श्रेयस्कर. सहभुगतानाची, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः भरायच्या हिश्श्याची, टक्केवारीही पाहावी.

कंपनी बदलायची असल्यास पोर्टेबिलिटीचा (जुने लाभ राखून पॉलिसी नव्या कंपनीकडे नेण्याचा) अर्ज मुदतीच्या किमान 45 दिवस आधी द्यावा. ठरावीक आजारांना संरक्षण सुरू होण्यापूर्वीचा जो प्रतीक्षा काळ जुन्या कंपनीत काढला, तो जुन्या विमा रकमेपुरता पुढे धरला जातो, वाढीव रकमेला मात्र तो नव्याने लागू होतो. मधुमेह, रक्तदाब लपवू नये. नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, म्हणून लेखी स्वीकृती मिळेपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये.

वयाची 70 वर्षे पूर्ण झालेल्यांनी केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्डही काढावे. त्यात उत्पन्नाची अट नसून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि खासगी विमा असला तरी ते घेता येते.