बॉइलिंग चिप्स वापरताना या चुका टाळा

बॉइलिंग चिप्स म्हणजे द्रव उसळू नये, शांत उकळावा म्हणून तापवायच्या आधी टाकायचे छोटे सच्छिद्र तुकडे. सगळ्यात घातक चूक म्हणजे गरम द्रवात चिप टाकणं. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हे हमखास घडतं. इथेनॉलचा फ्लास्क मँटलवर (फ्लास्क तापवायच्या विजेच्या शेगडीवर) चढतो, चिप्स टाकायच्या राहून जातात. द्रव ७८ अंशांच्या पुढे तापलेला असतो, तरी एक बुडबुडा नाही. मग कुणीतरी घाईघाईत स्टॉपर काढून वरून चिप सोडतं आणि उकळता इथेनॉल उसळून थेट तापलेल्या मँटलवर पडतो. आग लागायला एवढं पुरे.

द्रव असा न उकळता अडून बसतो, कारण बुडबुडा जन्मतः फार लहान असतो आणि पृष्ठताण त्याला चिरडतो. पाण्यात १ मायक्रॉन त्रिज्येचा, निव्वळ वाफेचा बुडबुडा टिकायला आत सुमारे २.२ वातावरण दाब लागतो, म्हणजे पाणी १२० अंशांच्या वर जायला हवं. १० मायक्रॉनच्या बुडबुड्याला १०३ अंशांच्या आसपास पुरतात. चिपच्या छिद्रांत अडकलेली हवा हा आयता मोठा बुडबुडा पुरवते. गुळगुळीत नव्या काचेत तशा जागाच नसतात, म्हणून नवा फ्लास्क जास्त उसळतो.

चिप राहिलीच तर मँटल बंद करून खाली घ्या, फ्लास्क कोमट होऊ द्या, मगच चिप टाका. पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या. त्या पंधरा मिनिटांचा कंटाळा करणाऱ्याने ज्वलनशील द्रवाला हात लावू नये.

दुसरी चूक कळतसुद्धा नाही: तीच चिप पुन्हा वापरणं. मध्येच लाइट गेली की उकळणं थांबतं, छिद्रांतली वाफ निवून द्रव होते आणि तिच्या जागी द्रव शिरतो. चिप दिसायला तशीच, पण आता ती साधा खडा आहे. लाइट आल्यावर तसाच मँटल सुरू करू नका. द्रव निवलेला असतानाच नवी चिप टाका. चिपसारख्या स्वस्त वस्तूत काटकसर कशाला?

१०० मिलिलिटरला दोन-तीन चिप्स पुरतात, मूठभर नकोत. फुटक्या कपाचे चकचकीत तुकडे चालत नाहीत, ग्लेझ नसलेलं पोर्सेलिन हवं. आम्लात संगमरवराचे तुकडे कधीच नकोत, कार्बन डायऑक्साइडने फेस येतो. फ्लास्क दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

व्हॅक्यूम डिस्टिलेशनला, म्हणजे पंपाने दाब कमी करून केलेल्या ऊर्ध्वपातनाला, चिप्सवर विसंबू नका. पंप छिद्रांतली हवा ओढून घेतो. तिथे मॅग्नेटिक स्टरर (चुंबकाने फिरणारा ढवळणारा) लावा, आणि तोही तापवायच्या आधी फिरता ठेवा.